चौथ्या खुणेचे पाणी

खोटे बोलायला आलेली माणसे आधी पाणी मागतात, असा ताईंचा अनुभव होता. दारात उभ्या राहिलेल्या तरुणीने पुढे केलेले पाणीही घेतले नाही.

"आज पाच वाजता मला खोटारडी ठरवणार आहेत," ती म्हणाली. "आत्ता अकरा वाजलेत."

"म्हणजे सहा तास. पुष्कळ झाले," ताई म्हणाल्या. "बसा. मास्तर, त्या खुर्चीवरचा तुमचा चष्मा उचला, नाहीतर आजचा पहिला बळी तोच ठरेल."

मास्तरांनी चष्मा उचलला. ते ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या तिसऱ्याच आठवड्यात पत्नीने त्यांना थोरल्या बहिणीच्या हवाली केले होते. "घरात सारखे पायात येतात, तुझ्या तरी काही कामी येतात का बघ." तेव्हापासून मास्तर ताईंची पिशवी उचलत, पाहिलेल्या जागांची चित्रे काढत आणि दर तपासात चुकीच्या माणसावर संशय घेत. ताईंनी बावीस वर्षे एका विमा कंपनीसाठी बुडालेल्या जहाजांची चौकशी केली होती. बुडालेल्यांपेक्षा बुडवलेली जहाजे अधिक असतात, या निष्कर्षाला पोचल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतःचा तपासाचा व्यवसाय मांडला.

तरुणी सागर संशोधन केंद्रात पाण्याचे नमुने गोळा करण्याचे काम करत होती. केंद्रात तिला सगळे नमुनेवाली म्हणत.

"चार दिवसांपूर्वी बोटीने आखातात गेलो," ती सांगू लागली. "सहा खुणा ठरलेल्या आहेत. प्रत्येक खुणेवर तळाजवळचं पाणी काढायचं, दोन-दोन बाटल्या भरायच्या. त्या पाण्यात प्राणवायू किती, ते मोजायचं असतं. बाटली भरली की बोटीवरच तिच्यात दोन द्रावणं घालायची. प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो. नसला तर पांढरा."

"आणि तुम्ही पाहिला तो?"

"चौथ्या खुणेवर पांढरा. दोन्ही बाटल्यांत. दुधासारखा." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि लगेच उचलून घेतले. "म्हणजे तिथे तळाशी श्वास घेण्यासारखं काही उरलेलं नाही. मी वहीत तसं लिहिलं. दोन वाजता परत येऊन पेटी नमुन्यांच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं. चार वाजता धक्क्याला मेलेले मासे लागायला लागले. सगळेच मासे तळाचे. एक वार्ताहर आला होता, त्याने मला विचारलं, मी जे पाहिलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'आखाताचा तळ गुदमरला'. आणि त्याच सकाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी बाटल्या तपासल्या तर सहाही तपकिरी. चौथ्या खुणेचा आकडा उत्तम."

"प्रत्येक खुणेची दुसरी बाटली?"

"ती राखीव असते, वाद झाला तर. त्याही सहाही तपकिरी आहेत. संचालकांनी पेटीला सील लावलंय. पाच वाजता समितीसमोर फोडणार. मग खोटी नोंद करून घबराट पसरवली म्हणून मला काढतील." ती थांबली. "नोकरी जाईल, ते एक वेळ सोसेन. पण पुढे कुठल्याच प्रयोगशाळेत माझ्या वहीला कोणी हात लावणार नाही. नमुने घेणाऱ्याकडे दुसरं असतं काय? त्याने पाहिलं, एवढंच."

ताई केव्हाच्या खिडकी ते कपाट अशा फेऱ्या घालू लागल्या होत्या. "खोलीच्या किल्ल्या किती?"

"माझी सोडून तीन. एक संचालकांकडे, एक सरांकडे, एक बोटीवर खिळ्याला."

"चला," ताई म्हणाल्या. "मास्तर, वही घ्या. आणि पेन्सिलीला टोक आहे का बघा. मागच्या वेळी तुम्ही खुनाची जागा बोटाने काढली होती."

केंद्राची इमारत धक्क्याला लागून होती. वारा नव्हता, तरीही डोलकाठ्यांवर कुठला तरी सैल दोर टकटक करत होता. वाळलेल्या माशांचा वास जिन्यापर्यंत चढला होता आणि जिन्यातल्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'समुद्र आपला मित्र' असे लिहिले होते. ताईंनी ते वाक्य दोनदा वाचले.

नमुन्यांची खोली अंधारी आणि कोरडी होती. ओल राहू नये म्हणून तिथे दिवसरात्र एक यंत्र घरघरत असे. मधल्या टेबलावर लोखंडी जाळीची पेटी होती, झाकणावर कागदी सील, त्यावर संचालकांची लफ्फेदार सही. जाळीतून आतल्या सहा बाटल्या नीट दिसत होत्या. जाड काच, पसरट गळा, गळ्यात काचेचे बूच, काचेत कोरलेला क्रमांक. प्रत्येकीच्या तळाशी तपकिरी साका.

"काढा चित्र," ताई म्हणाल्या.

मास्तर स्टुलावर बसले. काच काढणे सोपे नसते. प्रकाश कुठे थांबतो ते कळावे लागते. पहिल्या तीन बाटल्यांच्या गळ्यांशी त्यांना खटपट करावी लागली, कारण तिथे चुन्याचे बोट फिरवल्यासारखी पांढरट, भुरभुरीत कड होती आणि ती पेन्सिलीत पकडता येईना. चौथी बाटली काढताना त्यांना जरा बरे वाटले. तिच्या गळ्यावर प्रकाश स्वच्छ उतरला होता. पुढच्या दोघींशी पुन्हा तीच झटापट झाली.

"छान," वहीत डोकावून ताई म्हणाल्या. "तुम्ही कधी कधी इतकं खरं काढता की मला तुमची काळजी वाटते."

संचालक त्यांच्या खोलीत टायची गाठ सैल-घट्ट करत बसले होते. माशांच्या वर्गीकरणावर कोणे एके काळी त्यांनी प्रबंध लिहिला होता. नंतरचे सगळे लिखाण त्यांनी शिफारसपत्रांच्या स्वरूपात केले.

"माझा या मुलीवर राग नाही," ते म्हणाले. "पण वर्तमानपत्रात जायची काय गरज होती? पाणी तापलं की मासे मरतात. मला सकाळपासून तीन मोठ्या लोकांचे फोन आलेत."

"काय म्हणाले?"

"हेच की पाणी तापलं की मासे मरतात."

"एकमत दिसतंय," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी दोन वाजल्यापासून पुढे तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. चारनंतर धक्क्यावर, सगळ्यांसारखा. मधे एकदा वर आलो, फोन करायला."

"बाटल्या तुम्ही हाताळता कधी?"

संचालक हसले. त्यांच्या टेबलावर तसलीच एक बाटली होती. तिच्यात प्लास्टिकचे गुलाब खोचले होते. "पंधरा वर्षांत नाही. पण त्यात आहे काय? बाटली भरली, बूच दाबलं, झालं. समुद्र आत बंद. मी त्या मुलीला हेच सांगतो, की शास्त्र सोपं आहे, माणसं अवघड करतात."

"सील लावताना राखीव बाटल्यांना हात लावलात?"

"छे. पेटी जशी होती तशी. फक्त वरून कागद."

बाहेर येताच मास्तर कुजबुजले, "हाच. सील याचंच, किल्ली याची, फोनसुद्धा याचे."

"मास्तर, तुम्ही नेहमी सर्वात चांगल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला पकडता."

"बहुतेक वेळा तोच असतो."

"जगात असतो," ताई म्हणाल्या. "तपासात पुरावा लागतो. जगाचं तसं नसतं, म्हणून ते असं चाललंय."

बोटीचा कप्तान धक्क्याच्या पायरीवर बसून पंपाचे पट्टे तपासत होता. साठीचा, उन्हाने रापलेला. प्रश्न आला की आधी समुद्राकडे बघणारा.

"पांढरा का तपकिरी, मी नाही बघितलं बुवा. उन्हात माझे डोळे दिपतात."

"संचालकांनी हेच विचारलं तेव्हाही दिपले होते?"

कप्तानाने पट्टा खाली ठेवला. "बाई, मला दोन मुली आहेत, आणि ही बोट केंद्राची आहे."

"बरं. मग तुम्हाला दिसतं ते सांगा. ही मुलगी बोटीवर काम कसं करते?"

आता त्याचा चेहरा सैल झाला. "अहो, काम म्हणजे काय! पाणी वर आलं की नळी बाटलीच्या बुडाशी लावणार, फुगा म्हणून येऊ देणार नाही. दोन औषधं घालणार, बूच लावणार, उलटीसुलटी करणार. मग माझा चहाचा मग घेणार, समुद्रात बुडवणार आणि बाटलीच्या गळ्यात बुचाभोवती पाणी ओतून ठेवणार. बाहेरची हवा आत जायला नको म्हणून. बारा बाटल्या, बारा मग. दोन वर्षं झाली, माझ्या चहाला साखर घालतो तरी खारट लागतो. बायको म्हणते मग बदला. मी म्हणतो, मग बदलला तरी पोरगी तीच राहणार."

"हे तिला कुणी शिकवलं?"

"सरांनी. पण सर पूर्वी यायचे तेव्हा चांगलं पाणी घेऊन यायचे बरोबर, बाटलीतून. हिच्याकडे कुठलं आलंय ते? समुद्रच हाताशी."

"या वेळची फेरी ठरल्या दिवशी झाली?"

"नाही ना. इंजिन बसलं होतं, तीन आठवडे दुरुस्तीला. नाहीतर सरांचं वेळापत्रक म्हणजे घड्याळ. चौथ्या खुणेवर वर्षातून दोनदाच, वादळी हवा सरली रे सरली की दुसऱ्या दिवशी. या खेपेला समुद्र कसा तेलासारखा पडला होता. सर म्हणाले चौथी खूण राहू दे, पुढच्या वेळी बघू. पोरगीच हट्टाला पेटली, की रकाना रिकामा ठेवणार नाही."

ताई काही क्षण त्या न हलणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या.

"त्या दुपारी चारनंतर तुम्ही?"

"इथंच. मासे मोजत होतो. सहाशेपर्यंत मोजले, मग सोडून दिलं."

सरांची प्रयोगशाळा मास्तरांना फार आवडली. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी होती. शाळेत तीस वर्षे मास्तरांनी ज्या नीटनेटकेपणासाठी छड्या मोडल्या, तो इथे नांदत होता. सर पासष्टीकडे झुकलेले, बारीक, मृदू आवाजाचे. निवृत्तीनंतरही केंद्राने त्यांना सोडले नव्हते. या आखाताविषयी जगात जे काही माहीत होते ते त्यांच्यामुळे माहीत होते. शहराचे सांडपाणी नेणारी वाहिनी आठ वर्षांपूर्वी आखातात सोडली, तीही त्यांच्या ग्रंथाचा आधार घेऊन: भरतीओहोटी चौथ्या खुणेजवळचा खोल खड्डा सतत धुऊन काढते, तिथे प्राणवायू कधी संपत नाही, असे त्यांनी सिद्ध केले होते.

"माझी विद्यार्थिनी आहे ती," सर म्हणाले. "हुशार आहे. मी समितीला सांगणार आहे की शिक्षा करू नका. हेलकाव्यांत, उन्हात, डोळ्यांना भास होतात. तपकिरी साका बसण्याआधी क्षणभर फिकट दिसतोच. घाई झाली तिची."

"दोन्ही बाटल्यांच्या बाबतीत?"

"एकदा मनात बसलं की दोन काय, दहा दिसतात." ते कपाटाकडे वळले. "थांबा, दाखवतोच तुम्हाला."

बादलीतल्या समुद्राच्या पाण्याने त्यांनी एक बाटली भरली. एक द्रावण, मग दुसरे. पाण्यात तपकिरी ढग उतरला. मास्तर मनातल्या मनात रंग मिसळू लागले: गेरू, थोडा काळा. सरांनी बूच लावले, बाटली वीसेक वेळा उलटी-सुलटी केली आणि बोलता बोलता हात लांब करून वाकड्या नळीची मऊ प्लास्टिकची बाटली उचलली. प्रयोगशाळेत तिला पिचकारी म्हणत. तिच्यातले स्वच्छ, शुद्ध केलेले पाणी त्यांनी बुचाभोवती गोल फिरवले, गळा काठोकाठ भरला, आणि बाटली ठेवून दिली. एवढे होईपर्यंत त्यांचे बोलणे एकदाही तुटले नाही.

"चौथ्या खुणेचा आकडा किती आला?" ताईंनी विचारले.

सरांनी तक्ता पुढे केला. "सहा पूर्णांक एक."

"आणि पहिल्या खुणेचा? ती धक्क्याजवळची ना?"

"हो, उथळ. सहा पूर्णांक एक. योगायोग असतात."

"राखीव बाटल्या तुम्ही पाहिल्यात?"

"जाळीतून. हात लावलेला नाही. विश्लेषकाने राखीव संचाला हात लावायचा नाही, हा नियम मीच केलाय."

भिंतीवर तीस वर्षांचा मोठा तक्ता होता; आडवे महिने, उभ्या खुणा, आणि नमुना घेतला तिथे रंगीत चौकोन. मास्तर त्याच्यासमोर रेंगाळले. पाच खुणांच्या ओळी गोधडीसारख्या भरगच्च होत्या. चौथीही आधी तशीच होती; मग एका वर्षापासून तिच्या ओळीत फक्त दोन-दोन चौकोन राहिले होते, प्रत्येक वर्षी जवळपास त्याच जागी.

"ही नक्षी मधेच का बदलली हो?" त्यांनी निरागसपणे विचारले.

"खोल खूण आहे," सर म्हणाले. "वेळ जातो. सहा वर्षांपासून तिथे दोनदाच जातो. पुरतं."

"त्या दिवशी चारनंतर धक्क्यावर गेला होतात?"

"जरा उशिरा. मला तो वास सहन होत नाही."

खाली उतरताना मास्तर म्हणाले, "सज्जन माणूस. मला वाटतं ताई, कप्तान. डोळे दिपतात म्हणे! आणि किल्ली खिळ्याला."

"चार वाजलेत मास्तर. तासभर कोणावर संशय घेऊ नका. विश्रांती घ्या."

त्या तासात ताईंनी धक्क्याला अकरा फेऱ्या मारल्या. मास्तरांनी त्या मोजल्या, कारण दुसरे काही सुचत नव्हते.

पाच वाजता सभागृहात लांब टेबलाच्या एका टोकाला समितीच्या अध्यक्षा बसल्या होत्या. निवृत्त न्यायाधीश, ऐकताना डोळे मिटणाऱ्या. एका बाजूला संचालक आणि सर, दुसऱ्या बाजूला नमुनेवाली, दाराशी कप्तान. मधोमध पेटी.

"सील फोडण्याआधी मला दहा मिनिटं द्या," ताई म्हणाल्या.

"आठ," अध्यक्षा म्हणाल्या.

"मास्तरांचं हे चित्र बघा. दुपारी बारा वाजता काढलंय आणि त्यांना यातलं काही कळत नसल्यामुळे ते पूर्ण विश्वसनीय आहे. सहा बाटल्या. पाचांच्या गळ्याला पांढरी कड आहे. चौथीच्या गळ्याला नाही. आता पेटीत बघा, तसंच दिसेल."

अध्यक्षांनी डोळे उघडले आणि वाकून पाहिले. "आहे खरं. ही कड कशाची?"

"मिठाची. या मुलीने बोटीवर बाराही बाटल्यांच्या गळ्यात समुद्राचं पाणी ओतलं, हवा आत जाऊ नये म्हणून. कप्तानांचा मग साक्षीला आहे. त्या कोरड्या खोलीत चार दिवसांत ते पाणी उडून गेलं आणि मीठ मागे राहिलं. सहाही राखीव बाटल्यांवर राहायला हवं होतं. चौथीवर का नाही?"

"पुसलं गेलं असेल," संचालक म्हणाले.

"कोणाकडून? तुम्ही म्हणालात, फक्त वरून कागद लावला. सर म्हणाले, हात लावलेला नाही. मी मुद्दाम दोघांना विचारलं होतं."

सरांनी घसा साफ केला. आवाज तसाच मृदू होता. "बूच किंचित सैल असेल तर हवा शिरते आणि पांढरा साका आपोआप तपकिरी होतो. मी हे समितीला सांगणारच होतो. कोणाचाच दोष नाही, तिचाही नाही. तिने पांढरा पाहिला असेलही."

संचालकांचा चेहरा उजळला. कोणाचाच दोष नाही, हे त्यांचे आवडते वाक्य असावे.

"उत्तम," ताई म्हणाल्या. "दुपारी तो भास होता, आता साका खराच पांढरा होता. दोन तासांत एवढी प्रगती. पण सर, हवा आत शिरू शकते. ती शिरताना गळ्यावरचं मीठ घेऊन जात नाही."

अध्यक्षांनी पुन्हा एकदा चौथ्या बाटलीकडे पाहिले.

"चौथ्या खुणेच्या दोन्ही बाटल्या कोणीतरी उघडल्या, रिकाम्या केल्या, धुतल्या. दुसऱ्या बाटल्या आणता येईनात, कारण क्रमांक काचेत कोरलेले आहेत. म्हणून त्याच बाटल्यांत धक्क्याचं पाणी भरलं, द्रावणं घातली, आणि तपकिरी साका मिळवला. धक्क्याचं पाणी म्हणजे पहिल्या खुणेचं. आकडा दशांशापर्यंत जुळला तो त्यामुळे. सगळे मासे बघायला गेले होते तेव्हा हे झालं. किल्ल्या तिघांकडे. आता या तिघांनी बाटली कशी बंद केली असती ते बघू."

त्या चालू लागल्या. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"संचालकांनी बूच दाबलं असतं आणि हात पुसले असते. बुचाभोवती पाणी ठेवतात हे त्यांना ठाऊक नाही, आणि द्रावणं कुठल्या कपाटात असतात हेही ते विचारायला गेले असते. कप्तानांनी दोन वर्षं दर फेरीला पाहिलंय तेच केलं असतं, चहाचा मग समुद्रात बुडवून. मीठ राहिलं असतं आणि मी इथे मूर्खासारखी उभी असते. ज्याने हे केलं त्याला गळा पाण्याने भरायची इतकी सवय होती की पुरावा नष्ट करतानाही ती सुटली नाही. पण त्याच्या हाताला समुद्राच्या पाण्याची सवय नव्हती. त्याला सवय होती पिचकारीची. शुद्ध पाणी उडून जातं तेव्हा मागे काही ठेवत नाही. एखाद्या आळशी माणसाने हे काम केलं असतं तर ते पचलंही असतं; निष्काळजी माणसं पकडायला फार अवघड असतात."

मास्तरांना ती पिचकारी, तो गोल फिरणारा हात, न तुटणारे बोलणे आठवले. त्यांनी सरांकडे पाहिले नाही. ज्या माणसाचे कौतुक वाटले त्याच्याकडे आता बघणे त्यांना जमेना.

नमुनेवाली मात्र सरळ सरांकडेच बघत होती. "सर," ती म्हणाली, "तुम्ही सांगा. नाही म्हणा, मी ऐकते."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तीस वर्षांत एकही आकडा खोटा लिहिला नाही," ते म्हणाले. "एकही नाही. ही पहिली वेळ."

"मान्य आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच थंड झाला. "भिंतीवरचा तक्ता मी वाचलाय; त्याची नक्षी मधेच का बदलली, हे मास्तरांनी तुम्हाला विचारलंच होतं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तुम्ही चौथ्या खुणेवर दर महिन्याला जात होतात. मग फक्त दोनदा, आणि तेही वादळी हवा सरल्यावर लगेच, जेव्हा वरचं पाणी घुसळून तळापर्यंत गेलेलं असतं. समुद्राला तुम्ही त्याच्या बऱ्या दिवशीच भेटायला गेलात आणि दर वेळी लिहिलंत, तब्येत उत्तम. आकडे सगळे खरे. या खेपेला इंजिन बिघडलं, समुद्र तीन आठवडे स्वस्थ पडला, आणि ही तिथे पोचली, कारण तुम्हीच तिला शिकवलं होतं की रकाना रिकामा ठेवायचा नाही. सहा वर्षांपूर्वी काय दिसलं होतं, सर?"

सरांनी टेबलावरच्या चष्म्याच्या काड्या एकेक करून मिटल्या.

"पांढरं," सर म्हणाले. "वाहिनी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मला वाटलं, एखादं वर्ष वाईट असेल. ग्रंथ माझा होता. त्यावर सगळं उभं होतं."

"सगळं म्हणजे?"

"मी," ते म्हणाले.

अध्यक्षांनी कागद पुढे ओढला. संचालक पुढे वाकले. "मॅडम, इतिवृत्तात 'तांत्रिक त्रुटी' असा शब्द घेतला तर चालेल का? ही निर्दोष आहे, प्रश्नच नाही. पण तीस वर्षांच्या मालिकेला धक्का लागायला नको."

"काय घडलं ते मी लिहीन," अध्यक्षा म्हणाल्या. "शब्द मला येतात." त्या नमुनेवालीकडे वळल्या. "तुमच्यावरचा आरोप रद्द. तुमची नोंद खरी होती, असं लेखी मिळेल. सरांच्या सहीचे चौथ्या खुणेचे सगळे तक्ते बाद धरावे लागतील. सहा वर्षांचे." त्यांनी पाने उलटली आणि त्या थबकल्या. "शेवटच्या दोन वर्षांच्या तक्त्यांवर 'नमुने घेणार' म्हणून तुमची सही आहे."

"हो."

"तुम्ही घेतलेल्या नमुन्यांत खोट काही नाही. तुम्हाला दिवस ठरवून दिले, तुम्ही गेलात. ही चार पानं मी त्यातून वगळू शकते. तुमच्या नावाला काही लागणार नाही."

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. मुलीला हवे होते ते मिळाले होते, शिक्क्यासकट. आता उठावे, चहा घ्यावा. पण ती उठेना. अध्यक्षांच्या हातातून तिने ती चार पाने घेतली. चारही पानांवर तपकिरी, तपकिरी, उत्तम, उत्तम. खाली तिची बारीक, सरळ सही.

"मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "दोनच वेळा का, आणि तेव्हाच का. तक्ता रोज डोळ्यांसमोर होता. या काकांनी पाच मिनिटांत विचारलं."

"त्याला गुन्हा म्हणत नाहीत," अध्यक्षा म्हणाल्या.

"नसेल. पण उद्या कोणी या पानांवरून म्हणेल की गेली दोन वर्षं तळ जिवंत होता." तिने पाने परत सरकवली. "हीसुद्धा बाद करा. माझ्या नावासकट लिहा."

"विचार करून सांगा," संचालक घाईने म्हणाले. "आत्ताच तर तुमचं नाव वाचलंय."

"म्हणूनच," ती म्हणाली.

अध्यक्षांनी ताईंकडे पाहिले. ताई त्या दिवसात पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या. अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढले आणि लिहायला सुरुवात केली.

दाराशी उभा असलेला कप्तान पुढे आला. टेबलापाशी येऊन त्याने घसा खाकरला.

"बाई, त्यात माझंही घाला," तो म्हणाला. "पांढराच होता. मी बघितला."